रात्री अकरापर्यंत वाचून दाखवणाऱ्या आईस

तासगाव तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय. नाव-गाव देत नाही, ओळख पटेल असे दोन-तीन तपशीलही बदललेत. त्यांची मुलगी नववीत आहे. सहावीपर्यंत वर्गात पहिल्या पाचांत असायची. पुढं फळ्यावरचं दिसेना, पुस्तक नाकाला टेकेपर्यंत जवळ न्यावं लागू लागलं. चष्मे बदलून झाले. शेवटी मिरजेच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाचा आजार सांगितला, ‘स्टारगार्ट’. चष्मा लावूनही दोन्ही डोळ्यांची नजर ६/६०. यावर औषध नाही, ऑपरेशन नाही. आई दिवसभर बेदाण्याच्या शेडवर निवडीला जाते आणि जेवणं उरकली की रात्री अकरापर्यंत मुलीला धडे वाचून दाखवते. स्वतःचं शिक्षण दहावी. इंग्रजी आणि विज्ञान वाचताना जीभ अडखळते.

शाळेतले एक सर म्हणतात, ‘मैदानात पळते, खो-खो खेळते, मग फळाच कसा दिसत नाही? नाटक आहे.’ मुख्याध्यापक मायाळू आहेत, पण त्यांचं म्हणणं असं की दहावीला लेखनिक घ्या, गणित-विज्ञानाचा फार नाद धरू नका, आणि मोबाइल मात्र शाळेत चालणार नाही. मैत्रिणीच्या फोनवर अक्षर मोठं करून वाचता येतं हे मुलीला कळलंय, त्यामुळे ती फोनसाठी मागं लागलीय. दिव्यांग प्रमाणपत्र काढायला सासूबाई आणि नवरा तयार नाहीत. एकदा शिक्का बसला की लग्नाला अडचण, असं त्यांना वाटतं. आई विचारते: मोबाइलनं उरलीसुरली नजर जाईल का? बोलणाऱ्या मशीनची सवय लागली तर ती वाचायचं-लिहायचं विसरेल का? की दहावी होईपर्यंत मीच वाचून दाखवू, पुढचं पुढं बघू?

ताई,

‘मी कुठं चुकत असेन तर स्पष्ट सांगा,’ असं तुम्ही शेवटी लिहिलंय. दिवसभर मान मोडून निवड करायची आणि रात्री परक्या भाषेतले धडे अक्षर लावत लेकीला वाचून दाखवायचे, तेही सलग दोन वर्षं. अशा बाईला चुकलीस म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. पण तुमच्या प्रश्नाच्या पोटात एक समजूत दडलीय, ती आधी बाहेर काढू.

तुम्ही असं धरून चालला आहात की मुलगी आज स्वतःच्या बळावर शिकतेय आणि फोन हातात आला की ती परावलंबी होईल. ताई, आधारावर ती आजही आहेच. तो आधार म्हणजे तुमचा आवाज. हा आवाज फार मोलाचा आहे, पण तो रात्री नऊनंतरच मिळतो. तुम्हाला ताप आला की बंद पडतो. विज्ञानाच्या व्याख्येला अडखळतो. शाळेत पाचव्या तासाला, फळ्यावर गणित सुटत असताना, तो तिथं नसतो. आणि पुढच्या वर्षीचं बघा. द्राक्षं उतरून रॅकवर चढतात, शेडला दिवस-रात्र माणसं लागतात, नेमकी त्याच दिवसांत दहावीची परीक्षा येते. तेव्हा तुम्ही शेडवर असाल की तिच्या उशाशी?

हे मी ऐकीव सांगत नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी विशेष शिक्षिका म्हणून मी जत भागात शाळा-शाळांतून फिरायचे. तिथं एक मुलगा होता, जवळजवळ न दिसणारा, पण डोक्यानं तल्लख. त्याच्यासाठी मी सगळं केलं. धडे वाचून ध्वनिमुद्रित करून दिले, लेखनिक शोधला, परीक्षेला केंद्राबाहेर उभी राहिले. दहावीला चांगले गुण पडले, गावानं सत्कार केला. अकरावीला तो सांगलीला गेला आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आला तो परत गेलाच नाही. तिथं त्याला वाचून दाखवणारं कुणी नव्हतं. मी त्याला माझे डोळे उसने दिले होते; माझ्याशिवाय मजकुरापर्यंत पोहोचायची वाट दाखवली नव्हती. ती चूक माझी होती. तुमचं पत्र वाचताना तो मुलगा सारखा डोळ्यांपुढं येत होता, म्हणून जरा जोर देऊन लिहितेय.

आता त्या सरांचं. त्यांच्यावर रागावू नका, त्यांना दाखवा. स्वतःची मूठ दोन्ही डोळ्यांपुढं वीतभर अंतरावर धरायला सांगा. समोरच्या माणसाचा चेहरा झाकला जातो, पण दार, खिडकी, कोपऱ्यातला माठ दिसत राहतो. तुमच्या मुलीला जग साधारण असं दिसतं. मधली नजर गेलीय, कडेची शाबूत आहे. म्हणून ती पळू शकते, खुंटाला वळसा घालू शकते, आणि तरी फळ्यावरचा अंक तिला दिसत नाही. ६/६० चा अर्थही सरांना सांगा: सर्वसाधारण डोळ्याला जे साठ मीटरवरून दिसतं, त्यासाठी तिला सहा मीटरवर यावं लागतं. रस्त्यात समोरून आलेल्या मावशीला ती ओळख दाखवत नाही, तेव्हा तो घमेंडीचा भाग नसतो. आणखी एक. बोलताना, वाचताना ती मान तिरकी करत असेल. तिला ‘सरळ बघ’ म्हणून दटावू नका. मधून दिसत नाही म्हणून ती डोळ्याच्या कडेनं दिसणारी जागा शोधतेय. ही युक्ती तिची तिनं शोधलीय आणि ती बरोबर आहे.

फोननं नजर जाईल का? नाही. अधू डोळा वापरल्यानं झिजत नाही, आणि जवळ धरून वाचल्यानंही बिघडत नाही. तो दमतो मात्र लवकर. डोकं दुखतं, पाणी येतं. अर्ध्या तासानं थांबायचं, एवढंच. उन्हात टोपी आणि गडद चष्मा असू द्या. आणि डोळ्यांना चांगल्या म्हणून कुणी व्हिटॅमिन एच्या गोळ्या सुरू केल्या असतील, तर त्याबद्दल डॉक्टरांना लगेच विचारा. या विशिष्ट आजारात जादा मात्रेचं व्हिटॅमिन ए टाळायला सांगतात. ताटातली पालेभाजी आणि गाजर खुशाल खाऊ दे.

वाचायचं विसरेल ही तुमची भीती मात्र मी बाजूला सारणार नाही, कारण ती निम्मी खरी आहे. ज्या मुलांना सगळं फक्त ऐकायला मिळतं त्यांची ऱ्हस्व-दीर्घाची, जोडाक्षरांची आणि इंग्रजी स्पेलिंगची घडी विस्कटते. ‘क्रिया’ आणि ‘कृपा’ यांतला र कानाला एक वाटला तरी लिहिताना वेगळा असतो. म्हणून दोन वाटा एकदम चालू द्या. रोज पंधरा-वीस मिनिटं तिनं डोळ्यांनीच वाचायचं, अक्षर हवं तेवढं मोठं करून. भाषेचा एखादा परिच्छेद असो की गणिताचं उदाहरण. बाकीचा इतिहास-भूगोलाचा ढीग कानानं ऐकायचा. गणिताला कानाचा फारसा उपयोग नाही. अपूर्णांक, वर्गमूळ, घातांक यांत बोलणारा फोन हमखास घोटाळा करतो. तिथं मोठं अक्षर, जाड काळं पेन आणि ठळक रेघांची वही हेच कामाला येतं. तिरपं लाकडी डेस्क किंवा पुस्तक उभं ठेवायची घोडी सुताराकडून करून घ्या, म्हणजे वाकून वाकून पाठ जाणार नाही. दिव्याचा उजेड मागून, खांद्यावरून पडू द्या.

फोनचं सांगते, कारण पैसे घालण्याआधी हे माहीत हवं. नवा महागडा फोन लागत नाही. बऱ्यापैकी कॅमेरा असलेला साधा अँड्रॉइड पुरतो. मोठ्या पडद्याचा टॅब मिळाला तर आणखी बरं. सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ म्हणून भाग असतो. तिथं पडदा मोठा करायची सोय आहे, रंग उलटे करून काळ्यावर पांढरी अक्षरं करायची सोय आहे, आणि बोट ठेवलेला मजकूर वाचून दाखवणारं ‘सिलेक्ट टू स्पीक’ आहे. पूर्ण न दिसणाऱ्यांसाठी ‘टॉकबॅक’ असतं. तिला त्याची आज गरज नाही, पण शिकून ठेवलं तर वाया जाणार नाही. छापील पानावर गूगल लेन्स धरलं की ते मराठी अक्षरं ओळखतं आणि वाचूनही दाखवतं. फळ्याचा फोटो काढून हातात मोठा करून बघता येतो. तासगावच्या स्टँडवर एसटीची पाटी वाचायलाही हाच कॅमेरा कामी येईल, आणि हे तिला गणिताइतकंच लागणार आहे.

आता मराठीपुरती असलेली एक मेख, जिच्यामुळे कितीतरी मुलांनी साधनं कोपऱ्यात टाकून दिलेली मी पाहिलीत. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात मोफत मिळतात. पण आपल्याकडच्या बऱ्याच मराठी पीडीएफ, नोट्स आणि शाळेच्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या असतात. डोळ्याला ते मराठी दिसतं, पण संगणकाच्या लेखी आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते. वाचणारा आवाज मग भलतंच बरळायला लागतो, आणि मुलीला वाटतं की मशीन बिघडलं किंवा आपल्यालाच जमत नाही. तसं झालं तर त्या पानावर लेन्स धरा. ते आकारावरून अक्षर ओळखतं, फॉन्टशी त्याला देणंघेणं नाही. आणि शाळेला एक विनंती करा: नोट्स युनिकोडमध्ये टाइप करून द्या. सर व्हॉट्सॲपवर जे मराठी टाइप करतात ते युनिकोडच असतं, म्हणजे त्यांना नवं काही शिकायचं नाही. एका शिक्षकानं एवढं केलं तरी अख्ख्या तालुक्यातल्या अशा मुलांची सोय होते.

पुढं संगणक हाताशी आला तर ‘एनव्हीडीए’ हे विंडोजवर चालणारं, पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मोफत आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन तरुणांनी २००६ पासून ते घडवलं. दोघंही स्वतः अंध. ते मराठी बोलतं. ‘सुगम्य पुस्तकालय’ हे २०१६ मध्ये सुरू झालेलं ऑनलाइन ग्रंथालय आहे, तिथं छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्यांसाठी वाचता-ऐकता येतील अशी पुस्तकं मिळतात. पण माझं ऐकाल तर या सगळ्याच्या आधी, येत्या सुट्टीत, तिला टायपिंगच्या क्लासला घाला. कीबोर्डकडे न बघता मराठी आणि इंग्रजी टाइप करता येणं हे तिच्यासाठी चष्म्याहून उपयोगी ठरेल. बोलून टाइप करायची सोय फोनमध्ये आहेच, पण त्यावर विसंबलं तर स्पेलिंग येणार नाही.

भिंगांचंही विसरू नका. मिरज-सांगलीच्या किंवा पुण्याच्या मोठ्या नेत्ररुग्णालयात ‘लो व्हिजन’चा, म्हणजे अधू नजरेच्या रुग्णांसाठीचा, विभाग आहे का, विचारा. फळ्यासाठी एका डोळ्याची छोटी दुर्बीण आणि पुस्तकासाठी स्टँडवरचं भिंग तिच्या नजरेला जुळतंय का, ते तिथं पाहतात. त्याला बॅटरी लागत नाही आणि शाळेच्या मोबाइलबंदीतही ते बसतं.

मोबाइलबंदीवर तोडगा निघतो, कारण मुख्याध्यापक माणूस म्हणून चांगले आहेत. तोंडी विनवण्या करू नका, अर्ज द्या. सोबत डॉक्टरांचा कागद जोडा. उपकरणात सिम नसेल, ते वर्गशिक्षकांकडे राहील, तासाला मिळेल आणि सुटताना परत जमा होईल, हे तुम्हीच लिहून द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ची कलमं १६ आणि १७ वाचायला सांगा. शाळेनं मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करायच्या आहेत, आणि ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं आणि सहायक साधनं मोफत मिळावीत अशी तरतूद आहे. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षा योजनेचे समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांना एकदा शाळेत घेऊन जा. मुख्याध्यापकांना बहुतेक वेळा ‘नाही’ म्हणायचं नसतं. ‘हो’ म्हटल्यावर वरून कुणी विचारलं तर काय दाखवायचं, याची त्यांना काळजी असते. अर्ज आणि कलम हातात असलं की ती जाते.

आणि इथंच प्रमाणपत्राची गाठ येते. वर म्हटलेलं ‘ठरावीक प्रमाण’ म्हणजे किमान ४० टक्के. ६/६० नजर पाहता ती पायरी ती गाठेल असं मला वाटतं. निवाडा अर्थात रुग्णालयातले नेत्रतज्ज्ञ करतील. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, दिलेल्या तारखेला तपासणीला जायचं. तिथून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, मिळतं. २०१६ च्या कायद्यानं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा आणि सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखीव ठेवल्यात. त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी आहे. ग्रामपंचायतीलाही स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. टॅबसाठी तिथं अर्ज करा, ग्रामसभेत विषय मांडा. कार्ड नसेल तर यातलं एकही दार उघडत नाही.

सासूबाईंची काळजी मला कळते. आपल्या भागात मुलीचं लग्न म्हणजे चार गावांत चर्चा. पण कार्ड कपाटात राहतं आणि नजर चारचौघांत दिसते. उद्या पोह्यांची बशी पुढं करताना समोरचा चेहरा तिला दिसणार नाही, ते पाहुण्यांना कार्डाशिवायही कळेल. आणि न कळू देता जमवलं, तर पुढं त्याचा सगळा भार तिच्या एकटीच्या अंगावर येईल. सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना एवढंच विचारा: ‘आत्याबाई, उद्या तिला कुणी टाकलं, तर पोटापुरती नोकरी असलेली बरी की नसलेली?’ म्हाताऱ्या बायकांनी आयुष्यात पुष्कळ पाहिलेलं असतं. या प्रश्नाला त्या बहुधा खरं उत्तर देतात.

लेखनिकाचं आत्ताच ठरवू नका. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लेखनिक न घेतासुद्धा तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळू शकतो, आणि मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिकाही मागता येते. जुनी प्रश्नपत्रिका घ्या. एका रविवारी तिला स्वतः लिहू दे, मोठ्या छापात, चार तासांत. पुढच्या रविवारी आठवीतल्या एखाद्या मुलीला सांगून लिहवू दे. कशात तिचं खरं डोकं कागदावर उतरतं ते तीच सांगेल. लेखनिकाला सांगणं ही वेगळी विद्या आहे. आकृती कशी काढ, कंस कुठं बंद कर, हे सांगायला महिन्यांचा सराव लागतो. परीक्षेच्या आठवड्यात लेखनिक गाठून दिला की हुशार पोरंही कोलमडतात. बोर्डाच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत कोल्हापूरच्या विभागीय मंडळाकडे जातो, तेव्हा दहावीच्या सुरुवातीलाच कागद तयार हवेत.

गणित-विज्ञान सोडायचं की नाही, हे तिची नजर ठरवणार नाही. तिला ते आवडतं का? तुमचं चार पानांचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात सासूबाई आहेत, सर आहेत, मुख्याध्यापक आहेत, डॉक्टर आहेत. मुलीचं स्वतःचं एकच म्हणणं आहे: तिला फोन हवाय. ती मागं लागलीय असं तुम्ही लिहिलंय. मला त्यात हट्ट दिसत नाही. स्वतःची अडचण ओळखून तिनं स्वतः शोधलेला तो मार्ग आहे.

अशाच अडचणीतल्या इतर पालकांसाठी दोन शब्द. वाचून दाखवणारा फोन फक्त कमी दिसणाऱ्यांसाठी नाही. ज्या मुलाला अक्षरं लागत नाहीत, डिस्लेक्सिया आहे, त्यालाही तो तितकाच कामी येतो. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला आधी पहिला बाक आणि फळ्याकडे पाठ करून न बोलणारे शिक्षक द्या, मग यंत्राचं बघा. मुलाचं प्रमाण ४० टक्क्यांखाली आलं म्हणून परत पाठवलं असेल तर हिरमुसू नका. हाताला लिहिताना गोळे येणाऱ्या विकास कुमार या उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०२१ ला सांगितलं की लिहायला खरोखर अडचण असेल तर ४० टक्क्यांची अट लावून लेखनिक नाकारता येणार नाही. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्रानं अशा उमेदवारांसाठी वेगळ्या सूचनाही काढल्या. लेखी अडचण आणि डॉक्टरांचा दाखला घेऊन पुन्हा जा.

ताई, शेवटी तुमच्या रात्रींबद्दल. वाचून दाखवणं एकदम बंद करू नका, तिला तुटल्यासारखं होईल. पहिल्या आठवड्यात फक्त इतिहास फोनकडे द्या आणि तुम्ही शेजारी बसा. मग भूगोल. इंग्रजीचा फोनचा उच्चार तुमच्याहून बरा असेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुम्हीही तिच्यासोबत ऐका. शाळेचं सगळं तिच्या हातात गेलं की आठवड्यातली एक रात्र तुमची दोघींची ठेवा आणि अभ्यासाचं सोडून काहीही वाचा. बाकीच्या रात्री साडेनऊला दिवा मालवून झोपा, सकाळी शेडची गाडी लवकर येते. अर्ज मात्र याच महिन्यात घाला, द्राक्षाची छाटणी उरकून हंगाम अंगावर यायच्या आत. आणि पुढच्या वेळी पत्र तिला लिहायला सांगा, फोनवर टाइप करून. चुका असल्या तरी चालतील.